उजव्या पानावरची शेपटी

३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही वयाने माझ्याहून दीड वर्षाने मोठे आणि नात्याने धाकटे दीर. त्यामुळे तुम्हाला नमस्कार करायचा की आशीर्वाद द्यायचा, हा घोळ लग्नापासून चालू आहे. दोन्ही पाठवते, हवं ते ठेवून घ्या.

सोबतच्या चपट्या खोक्यात चित्रं आहेत. सगळी. खोकं फोडताना कात्री जपून चालवा, तुमचा हात मला माहीत आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं, हं' करता. माणूस ऐकतोय की जेवतोय तेच कळत नाही.

तुम्हीच म्हणाला होता, "वहिनी, एकदा मुलांचं पुस्तक करून बघा, आमच्या प्रकाशनाच्या साहेबांना दाखवायचं माझ्याकडे लागलं." आता लागलं. गोष्ट अशी आहे : पिवळ्या फ्रॉकातली एक पोरगी घरभर हिंडतेय. प्रत्येक उजव्या पानावर तिला एक शेपटी दिसते, आणि ती शेपटी पानाच्या कडेवरून बाहेर निघून गेलेली असते. पोरगी विचारते, "कोण?" पान उलटलं की शेपटीचा मालक. लांबलचक लाल शेपटी म्हणजे मांजर असेल असं वाटतं, तर निघतो एवढासा उंदीर. पट्ट्यापट्ट्यांची वाघाची म्हणावी, तर तो खुंटीवरून लोंबणारा आजोबांचा मफलर. झुपकेदार शेपटी म्हणजे केरसुणी, आणि ती धरून ससा केर काढतोय. अशा बऱ्याच. शेवटच्या चित्रात पोरगी झोपलीय आणि एक ऐटबाज पांढरी शेपटी पानाबाहेर चाललीय. त्याच्या मागचं पान मी कोरं ठेवलंय. तो मालक ज्याचा त्याने काढावा.

आता खरं कारण. कंपनीत इतकी वर्षं मी मिक्सरच्या, इस्त्रीच्या, पंख्याच्या माहितीपुस्तिकांसाठी हात काढतेय. झाकण फिरवणारा हात, प्लग ओढणारा हात. हाताला पुढे माणूस नाही, चूक दाखवायची असली की त्यावर फुली. माझी चित्रं लोक बघतात ती वस्तू बिघडली की, तीही कपाळाला आठ्या घालून. आता कंपनीने चित्रविभागाचं प्रमुखपद देऊ केलंय. या पुस्तकासाठी घेतलेली रजा संपते एप्रिलअखेर, तोवर हो की नाही ते कळवायचंय. हो म्हटलं की रंग कायमचे कपाटात, हे मी ओळखून आहे. म्हणून मनाशी ठरवलंय : पुस्तक बघून मुलं हसली तर कंपनीला नाही. नाही हसली तर मुकाट्याने हात.

तुमचे दादा मजेत आहेत. प्रत्येक चित्र दाखवलं, प्रत्येकाला "छान" म्हणाले. लाइटबिल दाखवलं असतं तरी तेच म्हणाले असते.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

आशीर्वाद ठेवून घेतला, नमस्कार परत पाठवतोय. तो माझ्याकडे शोभत नाही.

चित्रं ऑफिसच्या फरशीवर मांडली आणि दिवसभर कुणाला तिथून जाऊ दिलं नाही. लोक भिंतीला चिकटून ये-जा करत होते. वहिनी, मी वीस वर्षं मुलांच्या पुस्तकांची मांडणी करतोय. रिकामी जागा दिसली की इथे सगळ्यांचे हात शिवशिवतात. ढग टाका, फुलपाखरू टाका, सूर्याला डोळे काढा. तुम्ही पोरगी कोपऱ्यात एवढीशी ठेवलीत आणि बाकीचं पान पांढरं सोडलंत. म्हणून तर ती शेपटी इतकी लांब वाटते आणि ते घर इतकं मोठं. त्या पांढऱ्याला मी बोट लावणार नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही.

आणि तो पिवळा! तो फक्त फ्रॉकला दिलात, दुसऱ्या कशालाही नाही. त्यामुळे पान उघडलं की डोळा आधी पोरीवर जातो, मग ती बघतेय तिकडे, मग शेपटीवरून घसरत थेट कागदाबाहेर. माहितीपुस्तिकांत वर्षानुवर्षं बाण काढलेत त्याचा हा गुण आहे. इथे बाण काढला नाहीत, पण तो आहेच. मला हे बघून खरंच आनंद झाला, इतका की घरी जाऊन तुमच्या जाऊबाईंना सगळं पुन्हा सांगितलं आणि भाजी करपवली.

'कोण?'साठी मी अक्षरांचे कितीतरी नमुने लावून पाहिले. काही फार शहाणी वाटत होती, काही उगाच नाचरी. शेवटी एक गोल, जाडसर, जरा घाबरट अक्षर सापडलं. ते पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलंय, जिथे पान उलटणारा अंगठा पडतो तिथेच. मुलाने 'कोण?'ला बोट लावायचं आणि पान उलटायचं.

साहेबांना काल कॉम्प्युटरवर एकेक पान पुढे सरकवत दाखवलं. साहेब हसत नाहीत, ही आमच्याकडे सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. उंदीर आला आणि ते हसले! पुस्तक मंजूर. फक्त एक बारीकशी गोष्ट. साहेबांचे गुरू, आम्ही सगळे ज्यांना 'सर' म्हणतो ते निवृत्त मुख्याध्यापक, त्यांची एक पान प्रस्तावना फोटोसकट सुरुवातीला घ्यायचीय. शेवटी कोरं पान होतंच, म्हणून चित्रं एकेक पान पुढे सरकवली. पानं वाढली नाहीत. बाकी कुठे धक्का लावलेला नाही.

तुमचा भाऊजी


१४ मार्च

भाऊजी,

छापण्याआधीची प्रत मिळाली, तुम्ही पिना मारून पाठवलेली. तुमची अक्षरं सुंदर आहेत. सरांच्या प्रस्तावनेने माझं कोरं पान खाल्लं, तेही मी गिळलं. पहिल्याच पुस्तकाला नवऱ्याकडच्या माणसाशी कशाला भांडा?

पण पुस्तक छापू नका.

काल आमच्या गल्लीतल्या बालवर्गात घेऊन गेले. तिथल्या बाई ओळखीच्या. मुलं चटईवर बसली, मी खुर्चीवर, पुस्तक त्यांच्याकडे तोंड करून. पहिली शेपटी दाखवली, आवाज बारीक करून विचारलं, "कोण?" समोरच्या पोराने नाक खाजवत सांगितलं, "उंदीर." मी म्हटलं, हुशार आहे. पुढची शेपटी. "मफलर." पुढची. "ससा झाडतोय." हजेरी घेतल्यासारखं चाललं होतं. कुणी हसलं नाही, कुणी पुढे सरकलं नाही. एक जण माझ्या चपलांचा बंध सोडवत बसला होता, त्याला तेवढी मजा येत होती.

शेवटी बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. दयेच्या टाळ्या कशा वाजतात ते मला आता पाठ आहे.

घरी येऊन रडले. तुमचे दादा "छान झालं ना?" म्हणाले, तेव्हा त्यांच्यावर ओरडलेही. भाऊजी, मला चित्र काढता येतं, पण गंमत करता येत नाही. इतकी वर्षं हात काढून माझाही हातच झालाय, पुढे माणूस नाही. महिना संपला की कंपनीला हो कळवते. तुमच्या साहेबांची माफी तुम्हीच मागा, माझ्यात धीर नाही.

वहिनी


१८ मार्च

वहिनी,

पुस्तक थांबवलेलं नाही आणि थांबवणारही नाही. पहिल्यांदाच तुमचा शब्द मोडतोय.

तुमच्या त्या ओळी वाचून मला राग आला. तुमच्यावर नाही, त्या 'हात'वाल्या वाक्यावर. इथे आमच्या हिशेबनिसांना दाखवलं, ते हसले. दारावरच्या मामांना दाखवलं, त्यांनी जाऊन चहावाल्याला बोलावून आणलं. घरी तुमच्या जाऊबाई केरसुणीपाशी इतक्या हसल्या की दूध उतू गेलं. तीच चित्रं, तोच क्रम, तेच शब्द. इथे माणसं हसतात आणि तिथे मुलं जांभया देतात, हे कसं? कुठेतरी पाणी मुरतंय.

मुलं झोपाळलेली होती का? खुर्ची लांब होती का? प्रिंटमध्ये लाल रंग मळका आलाय का? मला काही सुचत नाही. पण हे सापडल्याशिवाय कंपनीला एक अक्षर कळवू नका. तुम्हाला दादाची शपथ.

भाऊजी


२३ मार्च

भाऊजी,

सापडलं. आधी जरा बसा.

शपथ घातलीत म्हणून काल संध्याकाळी ते पुस्तक पुन्हा काढलं आणि तुमच्या दादांना समोर बसवलं. म्हटलं, आज 'छान' म्हणायचं नाही, मुलासारखं बघायचं. मी पान उघडून विचारलं, "कोण?" हे चष्म्यातून बघतात, परत बघतात, आणि मला म्हणतात, "अगं, उंदीर इथेच तर बसलाय शेजारी. मग विचारतेस कशाला?"

भाऊजी, शेजारी! शेपटी डाव्या पानावर आणि उंदीर उजव्या पानावर, दोघं एकमेकांकडे बघत बसलेले! मी धावत जाऊन माझी डमी आणली, चित्रं काढताना घरीच दाभणाने शिवलेली कच्ची प्रत. तिच्यात शेपटी उजवीकडे, मालक पान उलटल्यावर. तुमच्या प्रतीत मुलांनी पान उघडलं की प्रश्न आणि उत्तर एकदमच समोर. शेपटी पानाबाहेर जातच नाही, मधल्या घडीत शिरते आणि पलीकडे मालकाला चिकटते. आणि अंगठ्याखाली यायचा तो तुमचा लाडका 'कोण?' घडीत गुदमरलाय. मला तो तिथे दिसला होता बरं का. मी म्हटलं, असेल काहीतरी मांडणीतली नवी फॅशन!

सरांची प्रस्तावना. एक पान पुढे घातलंत आणि सगळी उजवी पानं डावी झाली. तुम्ही सरळ लिहून कळवलंत, मी सरळ वाचलं, आणि दोघांच्याही डोक्यावरून गेलं. तुम्ही कॉम्प्युटरवर एकेक पान सरकवत बसता, म्हणून तुमच्याकडे दूध उतू जातं. तिथे शेजारचं पान नसतंच! आणि मला सगळे मालक तोंडपाठ, त्यामुळे मी बघत होते पण मला दिसत नव्हतं. ज्यांना पाठ नव्हतं त्यांनी बिचाऱ्यांनी समोर दिसलं ते सांगितलं.

मी मुलांना नावं ठेवली नाहीत, स्वतःला ठेवली. आता तुम्हाला ठेवते. वीस वर्षं पुस्तकं करता आणि पुस्तक उघडून बघत नाही? अहो, स्वयंपाक करणारा माणूससुद्धा एकदा चव घेतो!

आता ती प्रस्तावना हलवा. कुठे ते मला विचारू नका. ती हलली नाही तर माझं नाव काढून टाका, पुस्तक सरांच्या नावाने छापा.

वहिनी

ता. क. तुमचे दादा फार ऐटीत आहेत. सकाळपासून घरातली प्रत्येक वस्तू 'मुलासारखी' बघतायत आणि चुका काढतायत.


२ एप्रिल

वहिनी,

नावं ठेवलीत ती सगळी कबूल. दुसऱ्या कुणाला आमच्या ऑफिसात सांगू नका, एवढीच विनंती. पुस्तक करणाऱ्याने पुस्तक हातात न घेता पुस्तक केलं, याच्याहून लाजिरवाणं आमच्या धंद्यात काही नसेल.

पत्र मिळालं त्याच दिवशी साहेबांकडे गेलो. म्हटलं, प्रस्तावना पुस्तकाच्या शेवटी नेऊ. साहेबांनी चष्मा काढला. "सरांना मागच्या दाराने आत घ्यायचं? माझ्या गुरूंना?" मी म्हटलं, मग पुस्तक फुकट गेलं. ते म्हणाले, एका पानाने काय होतं? तुम्हाला माहीत आहे, या माणसाला मी आजवर 'हो साहेब'शिवाय काही म्हटलेलं नाही. मीही तुमच्यासारखा हातच, फुली न मारणारा. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "साहेब, एका पानानेच सगळं होतं."

मग परत जाऊन दोन प्रती छापल्या, घडी घातल्या, दाभण घेतलं. बोटाला दोनदा टोचलं. एक प्रत प्रस्तावना पुढे असलेली, एक मागे असलेली. दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, बोलू नका, नुसती वाचा. पहिली त्यांनी बँकेचं पासबुक बघावं तशी बघितली. दुसरी उघडली. शेपटीवर आले, थांबले. वहिनी, त्यांना उंदीर माहीत होता! आधी एकदा हसूनही झाले होते! तरी त्यांचा अंगठा 'कोण?'वर गेला, आणि पान उलटताना त्यांच्या भुवया वर झाल्या. मग ससा आला आणि ते असे हसले की बाहेरून मामा आत डोकावले.

दुसरी प्रत मिटून म्हणाले, "हलव. पण पूर्ण पान पाहिजे, आणि फोटो मोठा. सर वाचनालयात पुस्तकाचं प्रकाशन करणार आहेत, मुलांना वाचूनही दाखवणार आहेत. त्यांना तू सांग."

सरांना मी अजून सांगितलेलं नाही. धीर गोळा करतोय.

तुमच्या कोऱ्या पानाचा बळी मात्र गेलाच, ते वाचवता आलं नाही. बाकी प्रत्येक शेपटी उजवीकडे आहे, मी स्वतः हातात पुस्तक धरून, पान उलटून बघितलंय. तीन वेळा. तुमच्या जाऊबाईंनीही बघितलंय. छपाई उद्या सुरू होते. आता काही काळजी करू नका.

भाऊजी


२१ एप्रिल

भाऊजी,

घसा बसला म्हणून कार्यक्रमाला आला नाहीत? बोलायचं सरांना होतं, तुम्हाला नाही! घसा का बसला ते मला काल संध्याकाळी कळलं. क्रमाने सांगते.

वाचनालयाचा मोठा हॉल मुलांनी भरला होता. सर उंच, कडक इस्त्रीचा कोट, भरघोस पांढऱ्या मिशा. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "पुस्तक आपण काढलंत?" मी हो म्हटलं तर मान हलवली आणि पुढे गेले. असा माणूस मुलांना काय हसवणार? तुमचे साहेब पहिल्या रांगेत हात बांधून. मी कडेला, तुमच्या दादांचा हात घट्ट धरून. लग्नातही इतका घट्ट धरला नव्हता.

सरांनी पुस्तक मुलांकडे वळवलं. लाल शेपटी. "कोण?" वर्गात विचारतात तशा आवाजात. आणि सगळा हॉल ओरडला, "मांजर!" भाऊजी, ओरडला! एक मुलगी तर उभी राहून छातीवर हात ठेवून सांगत होती, "मांजरच, आमच्याकडे आहे." सरांनी पान उलटलं. मोठं पांढरं पान. मुलं मांजर शोधतायत. मांजर नाही. मग त्या मुलीनेच कोपऱ्यातला उंदीर बघितला आणि "आईगं!" म्हणून खाली बसली. तिथून जे हसू सुटलं ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी पुसलंसुद्धा नाही. येऊ दे म्हटलं.

पुढे मुलं सरांना पान उलटू देईनात. अर्धी "थांबा, थांबा!" आणि अर्धी "उलटा, उलटा!" दोघं जण पुढे येऊन 'कोण?'वर बोट दाबून बसले, सरांचा अंगठा आत शिरेना. सरांचा आवाज बदलला. मफलरला ते स्वतः वाघाची डरकाळी फोडून मोकळे झाले. सशाला त्यांनी कोटाचं बटण काढलं.

मग शेवटचं चित्र. पोरगी झोपलेली, पांढरी झुपकेदार शेपटी ऐटीत पानाबाहेर चाललेली. सर अगदी हळू म्हणाले, "कोण?" आणि पान उलटलं.

पूर्ण पानभर सर! मिशांसकट! माझ्या कोऱ्या पानाच्या जागी त्यांची प्रस्तावना, आणि तिच्यावर हा एवढा फोटो.

मुलांनी फोटोकडे बघितलं. सरांकडे बघितलं. परत फोटोकडे. आणि ती मांजरवाली मुलगी किंचाळली, "शेपटी सरांची!" हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. साहेबांचा चेहरा असा झाला होता की कुणीतरी त्यांना पाणी नेऊन दिलं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस उठून निघून जाणार.

सरांनी पुस्तक शांतपणे टेबलावर ठेवलं. मुलांकडे पाठ केली. कोटाची मागची बाजू दोन बोटांनी उचलून, मान वळवून नीट बघितलं. मग मुलांना म्हणाले, "सकाळी तर होती!"

त्यानंतर काय झालं ते लिहिता येणार नाही. मुलं खुर्च्यांखाली, पडद्यामागे, साहेबांच्या पायाशी शेपटी शोधत होती. दुसऱ्यांदा वाचावं लागलं, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी सर साहेबांना म्हणाले, "आयुष्यात इतक्या प्रस्तावना लिहिल्या. कुणी आतुरतेने पान उलटून बघितलेली ही पहिलीच. कुणी लावली ही इथे?" साहेब पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाले, "आमच्या मांडणीकारांची कल्पना." आणि हसले. मला आता कळतंय की तुम्ही पान उलटून तीन वेळा का बघितलंत आणि मला, साहेबांना, सरांना, कुणालाच का सांगितलं नाहीत. लबाड आहात तुम्ही! इतकी वर्षं 'हो साहेब, हो साहेब' करत हे कुठे लपवून ठेवलं होतंत? तुमच्या घशाला लवकर आराम पडो, सर तुम्हाला भेटायला येणार आहेत.

आज सकाळी कंपनीत गेले. व्यवस्थापक नव्या मिक्सरचं भांडं पुढ्यात घेऊनच बसले होते. म्हणाले, "मग? कधीपासून येताय?" मी म्हटलं, नाही येत. ते म्हणाले, "घरी बसून करणार काय?" म्हटलं, चित्रं काढणार. "ती तर इथेही काढता." त्यांना समजावत बसले नाही. टेबलाच्या खणातून माझे ब्रश घेतले, शेजारच्या टेबलावरच्यांचा निरोप घेतला आणि चालत घरी आले. वाटेत दोनदा एकटीच मोठ्याने हसले, लोकांनी वळून बघितलं. बघू देत.

भाऊजी, मुलं हसली. माझ्या चित्रांना हसली, कुणी टाळ्या वाजवायला न लावता हसली. आपण जिंकलो!

तुमची वहिनी